एक करडा, एक पांढरा: हे बगळे ओळखायचे कसे?

शंखशिंपला: ओहोटीला खडकांवर दोन बगळे दिसले. एक पाटीसारखा करडा, गळा पांढरा. दुसरा अख्खा पांढरा. शिकारीची तऱ्हा मात्र एकच: चार पावलं पळायचं, पंख अर्धवट उघडायचे, खस्सकन चोच मारायची. एकच जात की दोन? खुणा सांगा. दुर्बीण घ्यायची नाहीये, आधीच सांगतो.

भिंगवाला: ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमी. १०×४२ च्या नादी लागू नका, हात हलला की पक्षीही नाचतो. मी दोन्ही वापरल्यात.

शंखशिंपला: दुर्बीण नको म्हटलंय हो.

खारीहवा: करडा तो समुद्री बगळा, डोळे मिटून सांगते. पांढरा म्हणजे लहान बगळा. चोच काळी, पाय काळे, पावलं पिवळी, मोजे घातल्यासारखी.

शंखशिंपला: चोच काळी नव्हती, पिवळट तपकिरी होती. पावलं पाण्यात.

उगाचच: पिवळी चोच? गायबगळा. विषय संपला.

कालवं: गायबगळा गुरांच्या पायांत किडे टिपतो, लाटा झेलत खडकांवर कशाला नाचेल? समुद्री बगळ्याचीच दोन रूपं असतात, करडं आणि पांढरं. त्यात नर-मादीचा संबंध नाही. पांढरं रूप आणि लहान बगळा यांत भलेभले फसतात, मी दोन वर्षं फसत होतो. रंगापेक्षा चोचीचा आकार बघा. लहान बगळ्याची बारीक, सरळ. समुद्री बगळ्याची जाडसर, टोकाकडे किंचित खाली झुकलेली. पायांचा पिवळेपणाही पावलांशी न थांबता वर चढलेला असतो. नुसत्या रंगावर जाऊ नका, लहान बगळ्याच्या पिल्लांची चोचही फिकी असते.

मीपणतेच: ८×४२ ला अनुमोदन.

उगाचच: करकोचा नसेल कशावरून?

खारीहवा: उडताना बघा की! बगळा मान दुमडून घेतो, करकोचा सरळ ताणतो.

ओलाखिसा: मोबाइलच्या भरवशावर राहू नका. फोटोसाठी वाकलो आणि फोन कपारीत. भरती यायला लागली, शेवटी फोन सोडून जीव घेऊन पळालो. त्याआधी एका अ‍ॅपने त्याच फोटोतल्या बगळ्याला तीन नावं दिली होती, ते वेगळंच.

कालवं: अ‍ॅपला तरी काय बोलणार? समुद्री बगळा आणि लहान बगळा यांचा संकरही होतो. सगळ्या खुणा जुळत नसतील तर वहीत प्रश्नचिन्ह टाकून मोकळं व्हावं.

भिंगवाला: म्हणूनच म्हणतो, ८×४२.

शंखशिंपला: सगळ्यांचे आभार. मेव्हण्याच्या कपाटात जुनी १०×५० पडून होती, ती उचलली. जड आहे, पण खडकावर कोपर टेकवलं की हलत नाही. आज पांढरा एकटाच होता. चोच जाड, टोकाला झुकलेली. पावलं पुन्हा पाण्यातच.

भिंगवाला: १०×५०?? मग विचारलंत कशाला?