दाराच्या चौकटीत गोचिडीची अंडी – पुढे काय?

प्रश्न (मुलुंड, तळमजला): कुत्र्याच्या गोचिडी रोज काढूनही संपत नाहीत. आज बाल्कनीच्या चौकटीत, जमिनीपासून चार फुटांवर, वाटाण्याएवढी राखाडी गोचीड दिसली. तिच्या तोंडाशी चकचकीत तपकिरी, मोहरीहून बारीक दाण्यांचा पुंजका आहे. ही अंडीच ना? कुत्र्याला सोडून ती भिंतीवर का चढली?

उत्तर १: अंडीच. ही कुत्र्यावरची तपकिरी गोचीड. हिचं मिलन कुत्र्याच्या अंगावरच होतं. मादी चिकटून हळूहळू रक्त पीत असते. नर तिच्या पोटाखाली शिरतो आणि शुक्राणूंची पिशवी तोंडाने तिच्या जननछिद्रात ठेवतो. त्यानंतरच ती टम्म फुगते आणि गळून पडते. नर मात्र थोडं थोडं पीत दुसऱ्या मादीकडे सरकतो. म्हणून फुगलेली मादी काढलीत की तिथेच केस बाजूला करून बघा, लहान चपटा नर सापडतो.

गळाल्यावर ही जात वर चढून फट शोधते. तिथे दोन-तीन आठवडे अंडी घालते, चार हजारांपर्यंत, आणि मरते. प्रत्येक अंड्याला ती तोंडामागच्या अवयवाने मेणासारखा थर लावते, नाहीतर अंडं सुकून जाईल. तुम्हाला दिसणारी चकाकी त्याचीच.

उत्तर २: झाडूने उडवू नका, अंडी घरभर होतील. रुंद चिकटपट्टी दाबून मादीसकट पुंजका उचला, पट्टी दुमडून झाकणाच्या बरणीत स्पिरिटमध्ये बुडवा. मग फट व्हॅक्यूमने ओढून पुट्टीने बुजवा. पेल्मेट, पलंगाचे सांधे, तसबिरींच्या मागची बाजूही तपासा.

रोज काढूनही का संपत नाहीत, तर सहा पायांचं पिल्लू, मग आठ पायांचं पिल्लू, मग मोठी गोचीड, प्रत्येक टप्प्यावर ती रक्त पिऊन गळते आणि पुन्हा चढते. मधला सगळा काळ ती तुमच्या घरात असते. मुंबईच्या उबेत हे चक्र दोनेक महिन्यांत पुरं होतं. डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं औषध किमान तीन महिने खंड न पाडता चालू ठेवा.

प्रश्नकर्ता: पट्टीने उचलली. मे महिन्यात कुत्र्यासह गावी जातोय. घर महिनाभर बंद राहिलं तर उरलेल्या उपाशी मरतील?

उत्तर १: नाही. मोठी गोचीड कित्येक महिने उपाशी जगते. जाण्यापूर्वी फटींत फवारणी करून घ्या, आणि घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक अजिबात नको, ते मांजराच्या जिवावर बेततं.

उत्तर ३: अंगावरची काढताना टोकदार चिमटा कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, पेटती काडी नको. कुत्र्याने खाणं सोडलं, ताप आला किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. एर्लिकिया हा रक्तपेशींत वाढणारा जीवाणू हीच गोचीड पसरवते.