बाळ धडधाकट असताना तपासणी कशासाठी?

गोदाकाठ (नांदेड) :
माझ्या भाचीला ऐकू येत नाही, हे ती साडेतीन वर्षांची झाल्यावर आम्हाला कळले. तोवर तिची एकही लस चुकलेली नव्हती. जन्माच्या वेळची सोडली तरी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची असताना, मग नवव्या महिन्यात आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारास, अशी पाच वेळा ती लसीकरणाला जाऊन आली, आणि पाचही वेळा सुई टोचून, ताप आला तर काय पाजायचे एवढे सांगून तिला परत पाठवण्यात आले. हाक मारल्यावर ती मान वळवते का, हे एकदाही कोणी विचारले नाही. घरी "हिचा बापही उशिराच बोलला होता" या एका वाक्यावर आम्ही सगळे निर्धास्त होतो, आणि शिक्षिका असूनही मी त्यांच्यातच होते. माता-बाल संरक्षण कार्डावर लसींच्या नोंदींशिवाय वजनाचा आलेख असतो आणि बाळाने कोणत्या वयात काय करावे हेही दिलेले असते. आमच्या कार्डाचे लसींचे पान घड्या पडून फाटायला आले आहे, बाकीची पाने मात्र कोरी आहेत. माझे म्हणणे असे, की लसीच्या प्रत्येक भेटीत वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि वयाप्रमाणे चार-पाच ठरलेले प्रश्न सक्तीचे असावेत, आणि उत्तरे लिहिल्याशिवाय ती भेट पूर्ण झाली असे धरू नये.

बालाघाट (अंबाजोगाई) :
ताई, मी २१ वर्षे लहान मुलांचा दवाखाना चालवतो. आपला अनुभव वाचून वाईट वाटले, तरीही सक्तीला माझा विरोध आहे. लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेपुढे रांग लागलेली असते. तिथे हे प्रश्न सक्तीचे केले, तर न विचारताच सगळीकडे "हो"च्या खुणा होतील, आणि भरलेले कार्ड पाहून पुढचा डॉक्टर उलट बेसावध राहील. शिवाय निरोगी मुलांमध्येही फरक मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत आधाराशिवाय चालू लागण्याचे वय ८ महिन्यांपासून जवळपास साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. काही धडधाकट मुले तर रांगतच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ साली आपल्या यादीतून रांगण्याचा टप्पा काढून टाकला. आपल्याकडे एकदा कोणाच्या तोंडून "मतिमंद" हा शब्द निघाला, की तो मुलाला शाळेपर्यंत चिकटतो, आणि मुलगी असेल तर सोयरिकीपर्यंत. कॅनडाच्या प्रतिबंधक आरोग्यविषयक कार्यगटानेही २०१६ साली, पालकांना आणि डॉक्टरांना शंका नसलेल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांची अशी सरसकट चाळणी, म्हणजे प्रत्येकाची प्राथमिक तपासणी, करू नये, अशीच शिफारस केली होती.

गोदाकाठ :
डॉक्टर, त्या शिफारशीतले "शंका नसलेल्या" हे शब्द आपण भरभर ओलांडलेत. शंका नाही असे म्हणण्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते. माझ्या बहिणीला विचारले असते, तर तिने सांगितले असते की शेजारी भांडे पडले तरी पोरगी दचकत नाही. तिला ते बाळ गुणी असल्याचे लक्षण वाटत होते. बहिरे बाळही पहिले काही महिने इतरांसारखेच हुंकार देते, त्यामुळे घरच्यांची फसगत होते. आणि बाहेरच्या देशांचेच दाखले द्यायचे, तर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी ९, १८ आणि ३० महिन्यांना प्रत्येक मुलाची विकास-चाळणी करायला सांगते.

मांजरा (लातूर) :
मी आजीच्या वयाची आहे, माझ्या हातून ११ बाळे न्हाऊन-माखून मोठी झाली. धाकट्या नातवाला तेल लावताना त्याच्या मांड्या ताठ लागतात, लंगोट घालताना पाय फाकत नाहीत, हे मी चौथ्या महिन्यातच सांगितले होते. त्यावर "डॉक्टर काही बोलले नाहीत" असे उत्तर मिळाले. सक्ती करा की करू नका, रोज बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला कोणी विचारणार आहे का?

धारूरचा घाट :
आपण तिघेही घरी असलेल्या मुलांबद्दल बोलत आहात. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला कोयते निघतात; मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली जोडपी तान्ह्या मुलांसह सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकात जातात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मूल कोपीत (आमच्या झोपडीत) नाहीतर उसाच्या फडाच्या बांधावर असते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे असते. त्यातली एक फेरी हंगामात आली, की पटावर नाव असते पण मूल नसते. माझा मुलगा दोन हंगाम असाच निसटला. तिसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, तिथे दर आठवड्याला व्यायामाला आणा असे सांगितले, आणि दोन आठवड्यांत आम्ही उसाला निघालो. फडावर एक खाडा झाला तर मजुरी जातेच, वर दंडही बसतो. तपासणी व्हावी, पण ती आम्ही निघण्यापूर्वी व्हावी, आणि पुढचे व्यायाम आईच्या हाताला शिकवावेत.

बालाघाट :
आजींचे म्हणणे मला सर्वांत जास्त पटले. पाय न फाकणे ही खूण दुर्लक्ष करण्यासारखी नव्हे, त्या वेळीच कोणी पाहायला हवे होते. दोन बाबतींत मी माघारही घेतो : पहिल्या महिन्यात श्रवणाची चाचणी, आणि टाचेच्या रक्तातून थायरॉइडची. हे दोष असलेली बाळे वरून अगदी धडधाकट दिसतात, आजीच्या हातालाही ते कळत नाही, आणि थायरॉइडची गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर बुद्धीची हानी बहुतांशी टळते. या दोन चाचण्या सक्तीच्या कराव्यात. लसीच्या रांगेतल्या प्रश्नांना माझा विरोध कायम आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जातात, आणि पुढे तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी; हे प्रश्न तेव्हा ओसरीवर बसून, आजी समोर असताना विचारले जावेत.

धारूरचा घाट :
डॉक्टरसाहेब, माझ्या मुलाचा नववा महिना डिसेंबरात भरला आणि बारावा मार्चमध्ये. दोन्ही वेळा आमच्या ओसरीला कुलूप होते, आणि ज्या गावच्या शिवारात आमची कोपी होती, तिथल्या आशाताईंच्या यादीत त्याचे नाव नव्हते.