उत्तर न आलेल्या एआरपीचं काय?
एआरपी म्हणजे ‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ अशी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांना घातलेली हाक (ब्रॉडकास्ट); आलेलं उत्तर ठरलेला वेळ (टाइमआउट) कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या यादीत, राहतं. ‘एआरपी कॅशेचा टाइमआउट वाढवा, ब्रॉडकास्ट आपोआप कमी होईल’ असं काही जण सांगतात, ते अर्धंच खरं. कॅशेत टिकतं ते उत्तर आलेलं. जो पत्ता कुणाचाच नाही, त्याच्या नावाने हाका पडतच राहतात.

आमच्या अंबडच्या कारखान्यात /२२ चं एकच सबनेट (नेटवर्कचा एक सलग भाग), म्हणजे यंत्रांना देता येणारे १०२२ पत्ते. चालू यंत्रं जेमतेम दोनशे. वायरशार्क (नेटवर्कवरची रहदारी दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं तर ‘हू हॅज’ची, म्हणजे एआरपीच्या हाकांची, नुसती रांग! निघालं काय, तर हजेरीचं सॉफ्टवेअर दर मिनिटाला अख्खी रेंज पिंग करत होतं (प्रत्येक पत्त्याला ‘आहेस का?’ विचारत होतं). त्यात हजेरीच्या बारा मशीनचेच आयपी हाताने भरले. ब्रॉडकास्ट आला की वायफायवरच्या यंत्रालाही जागं व्हावं लागतं, बॅटरी त्यात जाते. वायफायवरचे बारकोड स्कॅनर, जे शिफ्ट संपायच्या आत मान टाकायचे (आणि आम्ही बॅटरीला शिव्या घालायचो), ते संध्याकाळपर्यंत टिकायला लागले. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे पाडलेले भाग) नंतर केले.