अॅक्शन मांगातील पात्रे आपली शस्त्रे आणि डावपेच शहाणपणाने वापरतात का?

निळी शाई

नमस्कार. गेली अनेक वर्षे मी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, नियमित वाचते आहे आणि त्यातही लढायांनी भरलेल्या मालिका मला मनापासून आवडतात. अलीकडे त्यांपैकी काही दुसऱ्यांदा वाचायला घेतल्या, तेव्हा पहिल्या वाचनात वेगाच्या भरात निसटून गेलेली एक गोष्ट सतत टोचू लागली. ज्याच्या हातात लांब पल्ल्याचे शस्त्र आहे तो धावत जाऊन शत्रूला अंगावर घेतो. ज्याच्याकडे एका घावात लढाई संपवणारी शक्ती आहे तो ती हातची राखून ठेवतो आणि सोबतचे तिघे जायबंदी झाल्यावर बाहेर काढतो. आणि ज्याची सारी मदार गुपितावर आहे तो स्वतःच्या तोंडाने ते गुपित शत्रूला सविस्तर समजावून सांगतो.

कुबो यांची ‘ब्लीच’ (२००१ ते २०१६) हे माझ्या डोळ्यांसमोरचे मुख्य उदाहरण आहे. तिथे तलवारीची खरी शक्ती शिकाई आणि बांकाई अशा दोन टप्प्यांत मोकळी होते आणि बहुतेक मोठ्या लढायांत दोन्ही बाजू हे टप्पे एकामागून एक, जणू ठरवून घेतल्यासारखे चढत जातात. समोरचा जिवावर उठलेला असताना पहिल्याच क्षणी सर्वांत मोठा घाव का घालू नये, याचे उत्तर मला सापडत नाही. मी या मालिकेवर मनापासून प्रेम केले आहे, म्हणूनच हे खटकते. अलौकिक शक्तींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या मान्य केल्यावरही माणसे त्या शहाण्यासारख्या वापरतात का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे. पुढील चर्चेत काही कथांचा उलगडा होऊ शकतो, ही सूचना आधीच देऊन ठेवते.

दोन पावले मागे

प्रश्न आवडला. मी सहा वर्षे केंदोचा, म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळल्या जाणाऱ्या जपानी तलवारबाजीचा, सराव केला आहे, त्यामुळे या चित्रकथा वाचताना माझी नजर आधी पात्रांच्या पायांकडे जाते. केंदोमध्ये प्रौढांची बांबूची तलवार, म्हणजे शिनाई, जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर लांब असते. दोघांच्या शिनाईंची टोके एकमेकांना जेमतेम ओलांडतात त्या अंतरावरून एक पाऊल टाकले की घाव बसतो आणि एक पाऊल मागे घेतले की तो चुकतो. या अंतराला आणि त्याच्या भानाला जपानी भाषेत ‘माआइ’ म्हणतात. पाहणाऱ्याला वाटते की दोघे नुसते उभे आहेत. प्रत्यक्षात सामन्याचा मोठा भाग तिथेच घडून जातो. समोरच्याच्या टोकाने माझे टोक अर्धा इंच बाजूला सारले की माझ्या मनगटाला ते पोटात गोळा आल्यासारखे जाणवायचे, कारण मधली वाट त्याच्या हाती गेलेली असायची.

या कसोटीवर ताकेहिको इनोउए यांची ‘व्हॅगाबाँड’ मला फार वरची वाटते. भालाविद्येच्या होझोइन पंथाचा भालाईत इन्शुन आणि कथेचा नायक, तलवारबाज मुसाशी यांची पहिली गाठ पडते तेव्हा मुसाशीला तलवार चालवता येत नाही असे नाही; त्याला भाल्याच्या टोकाच्या आत शिरताच येत नाही. होझोइन पंथाचा भाला आडव्या पात्यामुळे क्रूसाच्या आकाराचा असतो, म्हणून सरळ वार चुकवला तरी भाला मागे ओढताना ते आडवे पाते पुन्हा धोका निर्माण करते. मुसाशी घाबरतो आणि पळतो. भाल्यासमोर तलवार घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने घाबरणे हेच शहाणपण आहे, कारण जपानच्या युद्धभूमीवर दीर्घकाळ भाला आणि धनुष्य हीच मुख्य शस्त्रे होती आणि तलवार बहुधा दुय्यम होती. इनोउए यांनी ही भीती चित्रात उतरवली आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या भेटीतला विजय फुकटचा वाटत नाही.

शस्त्र आणि काम यांचा मेळ पाहायचा असेल तर हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ (२००९ ते २०२१) पाहावी. टायटनचे, म्हणजे माणसे खाणाऱ्या महाकाय मानवाकृतींचे, वर्म मानेच्या मागे, सुमारे एक मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद एवढेच आहे, म्हणून सैनिकांची पाती पातळ, लवचीक आणि कागद कापायच्या कटरसारखी वापरून फेकून देण्याजोगी आहेत. अशी पाती दुसऱ्या माणसाच्या तलवारीशी भिडवणे हा वेडेपणा ठरला असता. पण मांसाचा मोठा तुकडा एका झटक्यात कापायचा तर तीच योग्य. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, सैनिकांना तारांच्या आधाराने हवेत झेपावू देणारे साधन, त्या तारा अडकवायला झाडे किंवा घरे नसलेल्या मोकळ्या मैदानात जवळजवळ निरुपयोगी आहे, हे त्या सैन्याला पक्के ठाऊक आहे. म्हणून मैदान ओलांडताना ते लढतच नाहीत. दूरवर पांगलेली रचना, टायटन दिसला की लाल धूर, विचित्र वागणारा असला की काळा, दिशा बदलायची तर हिरवा, आणि सारा भर टाळण्यावर. शस्त्र केव्हा वापरायचे नाही हे कळणाऱ्या सेना या प्रकारच्या कथांत मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

‘ब्लीच’बद्दल एकच भर घालतो. तिथले सेनानायक आत्म्यांच्या जगातून माणसांच्या जगात येतात तेव्हा त्यांच्या शक्तीवर मुद्दाम मर्यादा घातलेली असते आणि ती उठवायला परवानगी लागते. तेवढ्या भागापुरते तरी हातचे राखण्याला कारण आहे. बाकीच्या लढायांबाबत मी तुमच्याशी सहमत आहे.

उजवीकडून डावीकडे

वरील प्रतिसाद फार माहितीपूर्ण आहे; परंतु मूळ प्रश्नातील ‘स्वतःच्या तोंडाने गुपित सांगणे’ हा भाग मला वेगळ्या बाजूने पाहावासा वाटतो. मांगामध्ये एका चौकटीत किती वेळ सामावलेला आहे, हे चौकट सांगत नाही. तलवार हवेत असताना पात्र चार ओळी बोलते, तेव्हा त्या चार ओळी बोलायला लागणारा वेळ खरोखर गेला असे मानायचे नसते. नाटकातल्या स्वगताप्रमाणे तो वाचकासाठी थांबवलेला क्षण असतो. साप्ताहिकात दर आठवड्याला जेमतेम वीस पाने मिळणाऱ्या चित्रकाराला नव्या शक्तीचा नियम वाचकापर्यंत पोचवायचाच असतो, कारण नियम कळल्याशिवाय त्यातून निघालेली पळवाट वाचकाला आनंद देत नाही. त्यामुळे अशा संवादांपैकी अर्धे तरी मी पात्राच्या मूर्खपणाच्या खात्यात मांडत नाही.

उरलेल्या अर्ध्यांचे काय करायचे, याचे सर्वांत सुंदर उत्तर मला गेगे अकुतामी यांच्या ‘जुजुत्सु कायसेन’मध्ये (२०१८ ते २०२४) सापडले. तिथे आपली विद्या शत्रूला उघड करून सांगितली की ती अधिक प्रबळ होते, असा नियमच आहे. गुपित सोडायचे आणि त्याच्या मोबदल्यात बळ घ्यायचे, हा सरळ व्यवहार झाला. नानामी हे पात्र लक्ष्याच्या लांबीचे दहा भाग कल्पून सातव्या आणि आठव्या भागांच्या सीमेवर जबरदस्तीने कमकुवत जागा निर्माण करते. ती जागा कुठे आहे हे तो समोरच्याला सांगतो. समोरच्याला ते कळूनही उपयोग होत नाही, कारण हाताची, पायाची, धडाची, प्रत्येकाची वेगळी सीमा सांभाळत लढणे अशक्यप्राय आहे. शिवाय त्याने स्वतःच्या शक्तीला कामाच्या ठरलेल्या तासांचे बंधन घालून घेतले आहे; ते तास संपल्यावर तीच शक्ती वाढून परत मिळते. म्हणजे तो सुरुवातीला कमी जोराने का लढतो, याचेही उत्तर झाले. ज्या सवयीने वाचक वर्षानुवर्षे वैतागत होते, तिचाच लेखकाने कायदा केला.

याच्या नेमके उलटे उदाहरण योशिहिरो तोगाशी यांच्या ‘हंटर एक्स हंटर’मध्ये आहे. कुरापिकाची बांधून टाकणारी साखळी अतोनात प्रभावी आहे, कारण ती त्याने फक्त एका टोळीच्या सदस्यांवर वापरण्याची शपथ घेतली आहे आणि ती मोडली तर त्याचा जीव जाईल. इथे गुपित फुटणे म्हणजे मरण, कारण शत्रू टोळीबाहेरचा एखादा भाडोत्री मारेकरी पुढे करू शकेल. तरीही तो हे गुपित गोन आणि किल्लुआ या मित्रांना सांगतो. टोळीत स्पर्शाने आठवणी वाचणारी पाकुनोदा आहे, आणि ते दोघे तिच्या हाती पडतात, तेव्हा विश्वासापोटी केलेली ती एक गोष्ट त्या तिघांच्या गळ्यापाशी येते. ही डावपेचांतली चूक आहे असे म्हणता येईल. पण ती एकाकी मुलाने केलेली चूक आहे, आणि मला तिचा राग येत नाही.

भात्यातला बाण

‘उजवीकडून डावीकडे’ यांचे म्हणणे मला बरेचसे पटते, पण थांबवलेल्या क्षणाची सबब फार दूरवर ताणली जाऊ नये असे वाटते. शत्रू ते स्पष्टीकरण ऐकतो आणि पुढच्याच पानावर त्याचा उपयोग करून घेतो, असे असेल तर ते स्वगत राहत नाही; ते प्रत्यक्ष बोलणे झाले, आणि बोलणाऱ्याचा बावळटपणाही. तसेच दहा मारेकऱ्यांनी नायकाला घेरून एकेक करून पुढे येणे, याला कोणतीही चौकट वाचवू शकत नाही.

माझी कसोटी साधी आहे. पात्राला चूक करण्याची पूर्ण मुभा असावी, पण ती चूक त्या माणसाची असावी. लेखकाला लढाई लांबवायची होती म्हणून घडलेली नसावी. ‘जुजुत्सु कायसेन’मधील भाडोत्री मारेकरी तोजी फुशिगुरोच घ्या. अजिंक्य मानल्या गेलेल्या गोजो या मांत्रिकाला तो समोरून भिडत नाही. ज्या मुलीचे रक्षण गोजो करतो आहे तिच्यावर मुदतीचे इनाम लावून तो भाडोत्री लोकांना पुढे करतो, गोजोला विश्रांतीशिवाय सतत संरक्षक शक्ती चालू ठेवायला भाग पाडतो, आणि सुरक्षित जागी पोचल्यावर गोजो ती शक्ती सैल करतो त्याच क्षणी मागून वार करतो. तोजीमध्ये शापशक्तीचा, म्हणजे त्या जगातल्या मांत्रिकांच्या अलौकिक बळाचा, लवलेश नसल्याने त्याची चाहूलही लागत नाही. दुबळेपणा मानली गेलेली गोष्ट त्याने हुकमाचे पान केली. नंतर गोजो मृत्यूच्या दारातून परत येतो. एरवी तोजी अशा वेळी निघून गेला असता, आणि ते त्याला स्वतःलाही जाणवते. पण ज्या घराण्याने त्याला तुच्छ लेखले त्याच्याविषयीची जुनी जखम उफाळते आणि तो थांबतो. तो तिथेच मरतो. डावपेच म्हणून हा निर्णय शंभर टक्के चुकीचा आहे, आणि कथा म्हणून मला त्यातली एक रेघही बदलावीशी वाटत नाही.

शहाणपणाचे दुसरे रूप म्हणजे स्वतःच्या शरीराला शोभेल असे शस्त्र निवडणे. कोयोहारु गोतोगे यांच्या ‘डीमन स्लेयर’मध्ये राक्षस मारायचा तर त्याची मान तोडावी लागते, आणि राक्षसांशी लढणाऱ्या शिनोबूच्या मनगटात तेवढी ताकद नाही. ती ताकद वाढवण्याच्या मागे लागून आयुष्य घालवत नाही. तिची तलवार कापण्यासाठी नसून भोसकण्यासाठी घडवलेली आहे आणि तिच्या टोकातून विस्टेरिया फुलांचे विष आत जाते. ज्याला विषही पुरेसे पडणार नाही अशा शत्रूसाठी तिने काय योजून ठेवले आहे, ते ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी मी इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की तो बेत तिने लढाईच्या कितीतरी आधी सुरू केलेला असतो.

आणि सातोरु नोदा यांच्या ‘गोल्डन कामुय’मधला बर्फ कोण विसरेल? बंदूकधारी ओगाता आणि एक रशियन नेमबाज कडाक्याच्या थंडीत एकमेकांचा माग काढत दबा धरून बसले आहेत. श्वासाची वाफ दिसली तर जागा उघड होईल, म्हणून ओगाता तोंडात बर्फ भरतो. कोणती अलौकिक शक्ती नाही, मोठे भाषण नाही; ओठ गोठवणारा मूठभर बर्फ आणि तासन्‌तास न हलणारा माणूस. लांब पल्ल्याचे शस्त्र हाती असलेल्याने कसे वागावे, या मूळ प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला देता येणार नाही.

निळी शाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे प्रतिसाद वाचून मी मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’मधील शिकामारू आणि तेमारी यांची परीक्षेतली लढत काल रात्री पुन्हा उघडली. तेमारीचे वागणे मी पहिल्या वेळी नीट पाहिलेच नव्हते. तिच्याकडे प्रचंड पंखा आहे, वाऱ्याचा मारा दुरून करता येतो, आणि ती खरोखर दूरच राहते. शिकामारू आपली सावली लांबवून तिने शत्रूला जखडतो; ती सावली कुठवर पोचते याचा अंदाज घेऊन ती जमिनीवर मर्यादेची खूण करते आणि तिच्या पलीकडे उभी राहते. माझ्या प्रश्नात मी ज्या शहाणपणाची मागणी करत होते, ते सारे तिच्याजवळ होते.

शिकामारू तिची ती मर्यादाच हलवतो. सूर्य कलेल तशी भिंतीची सावली लांबत जाईल आणि त्याला वापरायला अधिक सावली मिळेल, म्हणून तो नुसता वेळ काढत राहतो. अंगातला सदरा वर उडवून हवेत आणखी एक सावली तयार करतो. आणि आधीच्या लढतीत नारुतोने जमिनीत खणलेल्या भुयाराच्या अंधारातून आपली सावली तिच्या पाठीमागे काढतो. तिला जिंकून झाल्यावर मात्र तो हात वर करून माघार घेतो, कारण त्याची शक्ती संपत आली आहे आणि पुढच्या चालींचा हिशेब त्याने आधीच केला आहे. पहिल्या वाचनात ती माघार मला विनोदी वाटली होती. काल मी बराच वेळ तेमारीच्या चेहऱ्याच्या चौकटीवर थांबले होते. हिशेब बरोबर करूनही पकडली गेलेली ती मुलगी मला आता त्या प्रकरणातली सर्वांत मनाला भिडणारी व्यक्ती वाटते.

‘दोन पावले मागे’, तुम्हाला एक विचारायचे आहे. ‘माआइ’चे भान पायांच्या चित्रणातून इतके स्पष्ट दाखवणाऱ्या, पण भाल्याऐवजी दोन शस्त्रे एकाच वेळी चालवणाऱ्या पात्राची एखादी लढत तुमच्या वाचनात आली आहे का?

दोन पावले मागे

दोन शस्त्रांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. केंदोमध्ये दोन शिनाई घेऊन खेळण्याची मुभा आहे, तरी तो मार्ग थोडेच खेळाडू धरतात, कारण दोन्ही हातांनी पेलायची गोष्ट एका हाताने पेलावी लागते आणि मनगट लवकर थकते. चित्रकथांत मात्र दुसरी तलवार बहुधा शोभेची असते. मला पटलेले उदाहरण माकोतो युकिमुरा यांच्या ‘विनलँड सागा’मधील तरुण थॉर्फिनचे आहे. त्याच्या हातात दोन खंजीर आहेत, तलवारी नाहीत. अंगाने तो लहान आहे आणि त्याचा पल्ला जवळजवळ प्रत्येक शत्रूपेक्षा कमी आहे. म्हणून तो उंच माणसाच्या छातीकडे न जाता खाली वाकून आत शिरतो आणि हाताशी येईल ते आधी कापतो. त्याचे पाय पाहा. लढत सुरू झाल्यावर ते क्वचितच एका जागी टेकलेले दिसतील.