एमबीआरच्या मेम्ब्रेनमध्ये केसांच्या वेण्या: मेम्ब्रेन बदलायचे की आधीची जाळी?

प्रश्न

आमच्या पुण्यातील सोसायटीत दररोज 150 घनमीटर सांडपाण्याचा एमबीआर (जिवाणूंनी शुद्ध केलेले पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, गाळून घेणारा) प्रकल्प असून त्यात पोकळ तंतूंचे बुडीत मेम्ब्रेन बसवलेले आहेत. पूर्वी परमिएट (मेम्ब्रेनमधून गाळून आलेले पाणी) ओढणाऱ्या पंपाच्या ओढीचा दाब 0.1 बारच्या आसपास असे. दोन महिन्यांत तो 0.35 बारवर गेला आणि मिळणारे पाणी जवळजवळ निम्मे झाले. एक मॉड्यूल (तंतूंचा एक संच) बाहेर काढून पाहिले, तेव्हा तंतूंच्या मुळाशी केस आणि दोरे गाळात गुंतून मनगटाएवढ्या जाड वेण्या झालेल्या दिसल्या. शिवाय वायुवीजन टाकीचा पीएच 6.2 वर उतरला आहे. देखभाल करणारे कंत्राटदार सगळे मेम्ब्रेन बदलायला सांगत आहेत. हा खर्च खरोखरच अटळ आहे का?

पहिले उत्तर

कृपया घाई करू नका. वेण्या होतात त्या जाळीच्या दोषामुळे, आणि जाळी तशीच ठेवून नवे मेम्ब्रेन बसवले तर तेही त्याच वाटेने जातील. पोकळ तंतूंच्या मेम्ब्रेनआधी साधारण 1 ते 2 मिलिमीटरची बारीक जाळी लागते. सपाट पत्र्यांसारख्या मेम्ब्रेनला 3 मिलिमीटरपर्यंत चालते. त्यातही छिद्रे गोल हवीत, कारण उभ्या फटींच्या जाळीतून केस लांबीच्या दिशेने सहज निसटतो आणि पुढच्या टाकीत हवेच्या बुडबुड्यांबरोबर फिरता फिरता इतर केसांशी पिळला जातो. जाळीची चौकट आणि नाल्याची भिंत यांमधली फट तर सर्वांत आधी तपासा. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकल्पांत जाळी उत्तम होती, पण पाणी तिच्या बाजूने जात होते. स्वयंपाकघरांचे पाणी तेल-तूप सापळ्यातून येते का, आणि तो सापळा शेवटचा कधी उपसला, हेही विचारा.

दुसरे उत्तर

पीएचबद्दल लिहितो, कारण तो प्रश्न वेगळा आहे आणि तितकाच महत्त्वाचा आहे. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा प्रत्येक 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7.1 मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल पचवून पीएच टिकवण्याची पाण्याची क्षमता, (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होते, म्हणजे 40 मिलिग्रॅम प्रतिलिटर अमोनियासाठी 285 च्या आसपास. पुण्याच्या धरणांचे पाणी मृदू असल्यामुळे सांडपाण्यात एवढी क्षारता बहुधा नसते. अनॉक्सिक (हवा न देता ठेवलेल्या) टाकीत नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर झाले, तर खर्चातली जवळजवळ निम्मी क्षारता परत मिळते. आपल्याकडे मेम्ब्रेन टाकीचा गाळ परत कुठे सोडला जातो? तंतू घासून स्वच्छ ठेवण्यासाठी त्या टाकीत भरपूर हवा दिलेली असते, त्यामुळे हा गाळ थेट अनॉक्सिक टाकीत आला की सोबत आलेला प्राणवायू तिथले काम बिघडवतो. हा गाळ आधी वायुवीजन टाकीत आणावा आणि अनॉक्सिकसाठी तिथून वेगळा प्रवाह घ्यावा. एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचे प्रमाण) किती आहे, तेही कळवा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल ऑपरेटरसोबत नाल्यात उतरून पाहिले. जाळी 2 मिलिमीटरची आणि गोल छिद्रांचीच आहे, पण उजव्या बाजूचे रबर कुजून गळून पडले आहे आणि त्या फटीत माझी तीन बोटे सहज जातात. गाळाची परतीची नळी थेट अनॉक्सिक टाकीत पडते. फिल्टर प्रेस (गाळातले पाणी दाबून काढणारे यंत्र) बंद असल्यामुळे तीन महिने गाळ काढलेला नाही. एमएलएसएस 17,000 मिलिग्रॅम प्रतिलिटर आला.

दुसरे उत्तर देणारे

17,000 फारच जास्त आहे. इतक्या दाट गाळात प्राणवायू नीट विरघळत नाही आणि ब्लोअरची (हवा देणाऱ्या यंत्राची) हवा वाढवूनही उपयोग होत नाही. 8,000 ते 12,000 मध्ये येईपर्यंत रोज थोडा थोडा गाळ काढा, एकदम रिकामा करू नका. तोवर पीएच 7 च्या आसपास राहील एवढा सोडा किंवा चुना द्यावा.

पहिले उत्तर देणारे

रबर बदलल्यावरच मेम्ब्रेन धुवा. वेण्या हातांनी, कमी दाबाच्या पाण्याखाली सोडवा. तार, चाकू किंवा जोराचा फवारा वापरू नका आणि तंतू मुळीच वाळू देऊ नका. मग उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात हायपोक्लोराइटमध्ये भिजवा, आणि पूर्ण खळबळून झाल्यावरच सायट्रिक आम्लात. ही दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू निघतो, हे ऑपरेटरला समोर बसवून समजावून सांगा. धुतल्यावर स्वच्छ पाण्यात दाब आणि प्रवाह मोजा. दाब 0.1 बारच्या जवळ आला आणि परमिएट गढूळ नसेल, तर ते मेम्ब्रेन बदलण्याचे कारण मला दिसत नाही.