बाउल बंद करा म्हणणाऱ्यांनी रेवड्यांची कुस्ती आठवावी

कोलंबसकर
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हंगाम संपल्यावर संघांना बोलावून खेळवतात तो सामना म्हणजे बाउल, आणि विजेता ठरवतो तो प्लेऑफ. काल इथे एकांनी लिहिलं, ‘प्लेऑफ बारा संघांचा झाला, आता बाकीचे बाउल कशाला? नोट्र डेम विद्यापीठाने डिसेंबर 2025 मध्ये बाउल खेळायला नकार दिला तेच बरोबर. सगळे बंद करा.’ रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं गाव सांगली जिल्ह्यातलं. जत्रेचा फड सुरू होतो रेवड्यांवर. आठ-दहा वर्षांची पोरं लंगोट लावून उतरतात, जिंकेल त्याला मूठभर रेवड्या. मोठ्या इनामाची जोड लागते पार दिवस कलल्यावर. लोक शेवटची कुस्ती बघायला येतात म्हणून पोरांच्या कुस्त्या बंद करा, असं कुणी म्हणालं तर गाव त्याला फडातून उठवेल.

सहा जिंकून सहा हरलेल्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या पोराला एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, विचारणार नाही. त्याच्या अंगावरची जर्सी त्या एका बाउलनंतर कायमची उतरते. आणि 2007 चा फिएस्टा बाउल विसरलात का? बोइसी स्टेट 43, ओक्लाहोमा 42. एकही सामना न हरता बोइसीला विजेतेपदाच्या सामन्याचं दार बंदच होतं. बाउल होता म्हणून त्यांची ताकद देशाला दिसली.

नोट्र डेम दहा जिंकून दोन हरले होते. प्लेऑफमध्ये घेतलं नाही म्हणून रुसून घरी बसले. याला स्वाभिमान म्हणायला मी तयार नाही.

जुना बॉयलरमेकर
रेवड्यांच्या कुस्तीत पोरं स्वतः उतरतात हो. इथे उतरतं कोण? डिसेंबर 2023 चा ऑरेंज बाउल घ्या. फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा जिंकून आले होते, तरी प्लेऑफमधून वगळले, तेव्हा त्यात चारच संघ असायचे. दोन डझनांहून जास्त खेळाडू मैदानात आलेच नाहीत आणि जॉर्जियाने 63-3 ने धुतलं. तो सामना मी पैसे खर्चून, मुलाला घेऊन बघायला गेलो होतो. दुसऱ्या क्वार्टरनंतर पोरगं विचारत होतं, बाबा, निघूया का?

2024 मध्ये मार्शलचा कोच दुसरीकडे गेला, पोरांनी दुसऱ्या विद्यापीठात जायला ट्रान्सफर पोर्टल गाठलं, संघच उरला नाही म्हणून इंडिपेंडन्स बाउल सोडावा लागला. 2025 मध्ये आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेट यांनी प्रत्येकी 5 लाख डॉलर दंड सोसला, पण खेळायला गेले नाहीत. दंड भरून लोक नको म्हणतायत आणि तुम्ही जत्रेच्या गोष्टी सांगताय. बाउल हवेत ते ईएसपीएन या क्रीडा वाहिनीला. डझनाहून जास्त बाउल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत, नाताळच्या आठवड्यात टीव्हीवर दाखवायला काहीतरी लागतं.

हप्तेवाला
दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलताय. हे पैसे येतात कुठून? माझी मुलगी एका मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठात आहे. प्रत्येक सेमिस्टरच्या बिलात अ‍ॅथलेटिक फीची वेगळी ओळ असते. ती आजवर एकदाही स्टेडियममध्ये गेलेली नाही, लॅब आणि नोकरी यातच तिचा दिवस जातो. मी इथे दोन शिफ्ट करतो. त्यांचा संघ बाउलला गेला तेव्हा विद्यापीठाकडून अभिनंदनाचा ईमेल आला, आणि पुढच्या वर्षी फी वाढली.

कोलंबसकर
हा वेगळा विषय आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

हप्तेवाला
वेगळा कसा? 2011 च्या फिएस्टा बाउलमध्ये कनेटिकटच्या गळ्यात हजारो तिकिटं मारली होती. बहुतेक विकलीच गेली नाहीत, विद्यापीठाला 10 लाख डॉलरांहून जास्त खोट आली. सरकारी विद्यापीठ होतं ते. तुमच्या रेवड्यांचे पैसे गाव वर्गणी काढून देतं. इथे माझ्या मुलीला न विचारता तिच्या बिलात घालतात.

सॅन अँटोनियोची आई
माझा मुलगा विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमध्ये सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती घ्यायचा मोठा पितळी कर्णा, वाजवतो. ऑगस्टच्या उन्हात डांबरावर तीन-तीन तास सराव. त्याला ना शिष्यवृत्ती, ना जाहिरातीचे पैसे. त्यांचा संघ एका छोट्या बाउलला गेला, तुम्ही नावं ठेवता तसल्याच. चौदा तास बसचा प्रवास. अर्धं स्टेडियम रिकामं, त्यात पाऊस. पोरगा रात्री फोनवर बोलताना रडत होता, आनंदाने. ‘आई, आज आम्ही शेवटपर्यंत वाजवलं.’ खेळाडू येवोत न येवोत, बँडमधलं एकही पोर त्या सामन्याला मागे राहिलं नव्हतं.

हप्तेवाला
ताई, मुलाचं कौतुकच आहे. पण त्या बसचं भाडं कुणी भरलं, एकदा विचारा.

सॅन अँटोनियोची आई
माझ्या मुलाच्या आनंदाची पावती तुम्ही मागू नका.

हप्तेवाला
माझ्या मुलीच्या अंगावर कर्ज आहे. मी मागणारच.

मिरजकर
आवाज खाली आणा दोघंही. मला गुडघ्याबद्दल बोलायचंय. जेलन स्मिथ, नोट्र डेमचाच, 1 जानेवारी 2016 च्या फिएस्टा बाउलमध्ये त्याचा गुडघा गेला. एनएफएलच्या निवडीत पहिल्या फेरीत वर निवडला जाईल असं सगळे म्हणत होते, तो दुसऱ्या फेरीपर्यंत घसरला. त्याच वर्षाअखेर मॅकॅफ्री आणि फोरनेट या एनएफएलच्या वाटेवरच्या खेळाडूंनी बाउल टाळला तर लोकांनी त्यांना स्वार्थी ठरवलं. मी विद्यापीठाच्या कबड्डी संघात होतो. ज्या सामन्यावर काहीच अवलंबून नव्हतं, त्यात माझी लिगामेंट तुटली. पोलीस भरतीची तयारी तिथेच संपली. ऑपरेशनचे पैसे वडिलांनी म्हैस विकून भरले, संघाच्या व्यवस्थापनातलं कुणी बघायलाही आलं नाही. न खेळणाऱ्या पोराला निष्ठा शिकवणाऱ्यांनी आधी त्याच्या गुडघ्याची हमी घ्यावी.

कोलंबसकर
मिरजकर, तुमच्यापुढे वाद घालणार नाही. ज्याला एनएफएल समोर दिसतेय त्याने खेळू नये, हे मान्य. पण असे प्रत्येक संघात किती? उरलेल्या पोरांचं काय, एवढंच माझं म्हणणं आहे.

जुना बॉयलरमेकर
मग त्या उरलेल्यांना बाउलचे पैसे थेट द्या, प्रत्येकाला सारखे, राखीव खेळाडूलाही. विद्यापीठं 2025 पासून खेळाडूंना थेट पैसे देतायतच की. तसं होणार असेल तर वीसेक बाउल राहू द्या, मी गप्प बसतो. पाच जिंकून सात हरलेल्यांना बोलावणी धाडणं मात्र बंद.

आणि खरं दुःख तर वेगळंच आहे. रोझ बाउल 1902 चा. एका अंगाला बिग टेन या गटातला संघ, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक किनाऱ्याचा, हा त्याचा प्राण होता. 1 जानेवारी 2025 ला तिथे कोण होतं? ओहायो स्टेट आणि ओरेगन, दोघंही बिग टेनचे! पॅसाडेनाचा तो डोंगर आणि तो सूर्यास्त तसाच आहे, पण सामना प्लेऑफच्या वाटेवरचा एक थांबा झाला. छोटे बाउल वाचवायला निघालात, मोठे तर आधीच गेले.

कोलंबसकर
ओहायो स्टेटच्या त्या 41-21 च्या विजयाला मी नाचलो होतो, त्यामुळे काय बोलू. पण हो, पॅसिफिक किनाऱ्याच्या ओरेगनची जर्सी बिग टेनमध्ये बघून तेव्हाही खटकलं होतं.

सॅन अँटोनियोची आई
हप्तेवाले, रागाने बोलले. रात्री मुलाच्या बिलाचा तपशील उघडून बघितला. आमच्याकडेही ती ओळ आहे, चार वर्षं भरतेय आणि कधी वाचली नव्हती. फी ऐच्छिक करा म्हणून पत्र लिहिणार असाल तर माझी सही घ्या. बसचं भाडं मी वेगळं देईन.