मखराच्या फळ्या आणि कासवाची पेटी

प्रेषक: मृणाल
विषय: मखराच्या फळ्या, शुक्रवारपर्यंत हव्यात

नमस्कार मंडळी,

विद्याताई, जुन्या मखराच्या मागच्या फळ्या अजून तुमच्याच गॅरेजमध्ये आहेत ना? शनिवारी आमच्याकडे हर्मन जातीच्या, जमिनीवरच्या कासवाची दोन पिल्लं येतायत, ऑगस्टमध्ये अंड्यातून निघालेली, आणि पेटीचा अजून पत्ता नाही. ज्यांच्याकडून घेतोय ते म्हणतात उघडी लाकडी पेटीच करा. दुकानातला मुलगा म्हणतो काचेची टाकी घ्या, ऊब टिकते. तयार लाकडी पेट्यांच्या किमती पाहून निनाद म्हणाला, मी घरीच ठोकतो. चार फूट बाय दोन फूट पुरेल असं वाचलंय. दोन फळ्या मिळाल्या तर काम होईल.

टाकी की पेटी, कोणाला अनुभव असेल तर लगेच सांगा. अनिकेत, वाचतोयस ना?

मृणाल


प्रेषक: विद्या
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

मृणाल,

फळ्या आहेत, पण त्या मंडळाच्या आहेत. गॅरेज माझं असलं तरी सामान कोणाला द्यायचं ते कार्यकारिणी ठरवते. दिवाळीच्या नाटकाला मागचा पडदा त्याच फळ्यांवर ताणायचाय. होळीला नेलेली घडीची टेबलं अजून परत आलेली नाहीत, त्यामुळे वहीत नोंद झाल्याशिवाय मी काहीच बाहेर काढत नाही. सचिवांना ही मेल पाठवली आहे.

विद्या


प्रेषक: अनिकेत
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

मृणाल, फळ्या कोणाच्या ते नंतर बघा, पण पेटीच्या आत त्या लावू नकोस. त्यांवर सोनेरी ऑइलपेंट आहे, चमकी आहे, थर्माकोल चिकटवलेला गोंद आहे. वर दिवसभर दिवा तापणार आणि खाली पिल्लं जे दिसेल ते चावून बघणार.

आता पेटीबद्दल. आमचं हॉर्सफिल्ड जातीचं कासव उघड्या पेटीतच वाढलंय. काचेतून पलीकडचं दिसतं, पण काच आडवी आहे हे कासवाला कळत नाही. ते दिवसभर काचेला तोंड लावून चालत राहतं. दुसरं म्हणजे लहान बंद टाकीत सगळीकडे सारखंच तापमान होतं. कासवाला एका टोकाला ऊब हवी, दुसऱ्या टोकाला गारवा. दिव्याखाली 32 ते 35 अंश, लांबच्या टोकाला 20 ते 22. अंगातली उष्णता ते स्वतः तयार करत नाही, जागा बदलून राखतं. त्याला जागा बदलता आली पाहिजे, पेटीचं सगळं गणित यावर आहे.

यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची, नळी वेगळी लागेल. खिडकीत ठेवू म्हणत असशील तर उपयोग नाही, काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. ते नसेल तर डी थ्री जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. छोटा गोल यूव्हीबी बल्ब घेऊ नकोस, त्याचा उजेड एकाच जागी पडतो. टी फाइव्ह लांब नळी घे आणि वर्षाने बदल. तेव्हा ती पेटलेली दिसत असते, पण यूव्हीबी उतरलेलं असतं.

आणि कागद! हर्मन असेल तर विकणाऱ्याकडे आर्टिकल टेन सर्टिफिकेट, म्हणजे संरक्षित जातीचा प्राणी विकायचा सरकारी दाखला, असलंच पाहिजे. हॉर्सफिल्डला लागत नाही, म्हणून माझ्याकडे नमुना नाही. कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

अनिकेत


प्रेषक: सुधीर
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

मुलांनो, एवढं कशाला अवघड करताय? वाईला आमच्या वाड्याच्या विहिरीत कासव होतं. आजी रोज भात टाकायची, ते वर येऊन खायचं. ना दिवा, ना नळी. माझ्या वडिलांच्या लहानपणापासून ते तिथे होतं. विहीर म्हणजे चारी बाजूंनी बंद, दमट, गार. म्हणून मला टाकीच बरी वाटते. पालक आणि काकडी द्या, मजेत राहतील.

मृणाल, मुलांना कूर्मावताराची गोष्ट सांग. मंदराचल पाठीवर घेतला त्याने.

सुधीरकाका


प्रेषक: रश्मी
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

सुधीरकाका, तुमच्या विहिरीतलं कासव पाण्यातलं. ते बेडूक, किडे, गोगलगायीही खातं. हर्मन दक्षिण युरोपातलं, कोरड्या डोंगरउतारावर झुडपांत राहणारं, निव्वळ पाल्यावर जगणारं. विहिरीत पडलं तर बुडेल. नाव दोघांचं कासवच, पण एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

मृणाल, पालक नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. काकडी म्हणजे नुसतं पाणी. डँडेलियनची पानं-फुलं, क्लोव्हर, जास्वंदीची पानं आणि फुलं दे. फळं हर्मनला सोसत नाहीत. बागेतली पानं घेणार असलीस तर तिथे गवत मारायचं औषध कधी फवारलंय का, ते आधी शेजाऱ्यांना विचार. समुद्रफेनाचा तुकडा पेटीत ठेव, पिल्लं स्वतःच कुरतडतात.

अनिकेतचं यूव्हीबीचं सगळं बरोबर आहे. उघड्या पेटीबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. आमच्या दवाखान्यात लहान कासवं येतात त्यांच्या कवचावर टेकाडं आलेली असतात, पिरॅमिडिंग म्हणतात ते. पूर्वी सगळे म्हणायचे जास्त प्रथिनं खाल्ली म्हणून. 2003 साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या सुलकाटा कासवाच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांची टेकाडं स्पष्टच जास्त उंच होती, प्रथिनांचा फरक किरकोळ. आता विचार करा, ऑक्टोबरपासून इथे परदेशात आपल्या घरात सेंट्रल हीटिंग, वर तापलेला दिवा, आणि पेटी वरून सताड उघडी. माती दुपारपर्यंत राख होते.

रश्मी


प्रेषक: अनिकेत
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

रश्मी, सुलकाटाचा अभ्यास हर्मनला जसाच्या तसा लावू नये. ओलावा वाढवायला लोक पेटी झाकतात, मग रात्री दिवा बंद झाला की ओलं आणि थंड एकत्र येतं. माझ्या ओळखीतल्या एकाचं पिल्लू त्यातच गेलं. नाकातून फेस, तोंड उघडून श्वास, चार दिवसांत संपलं. मला टेकाड चालेल, न्यूमोनिया नको.

अनिकेत


प्रेषक: रश्मी
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

अनिकेत, त्या पिल्लाचं ऐकून वाईट वाटलं. पण तूच लिहिलंस, ओलं *आणि थंड*. ओलं आणि उबदार असेल तर छातीचा धोका तेवढा राहत नाही. रानातही पिल्लं दिवसभर उन्हात फिरत नाहीत, मुळांशी ओलसर मातीत दडून असतात. आपण मोठी कासवं डोळ्यांपुढे ठेवून पिल्लांची पेटी बांधतो, ते मला खटकतं.

माझं म्हणणं इतकंच. पेटी उघडी, पण गार टोकाकडचा अर्धा भाग फळीने झाकलेला. माती चांगली तीन-चार इंच खोल, म्हणजे त्यांना पुरून घेता येईल. साधी टॉपसॉइल आणि प्ले सँड, मातीचा वाटा जास्त, हवं तर थोडा भिजवलेला काथ्याचा भुसा. नुसती वाळू, लाकडाच्या गोळ्या, अक्रोडाच्या सालींचा चुरा, यातलं काही नको, पोटात गेलं की अडकतं. पाणी कोपऱ्यात ओतायचं, म्हणजे ते खालून मुरतं आणि वरचा थर कोरडा राहतो. झाकलेल्या बाजूला एक कुंडी आडवी अर्धी पुरायची, आत ओलं शेवाळ. रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली.

रात्री खोली 15 अंशांच्या खाली जाणार असेल तर सिरॅमिक हीटर लाव. त्याला उजेड नसतो, झोपमोड होत नाही.

रश्मी


प्रेषक: अनिकेत
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

अर्धं झाकण मला मान्य. ते दिव्यापासून लांब असलं पाहिजे, एवढंच.

मृणाल, दोन पिल्लं एकत्र घेऊ नयेत असं मला आधीपासून वाटतंय. कासवं एकटी राहणारी. दोनच असली की एक दुसऱ्याला दाबतं. ते मारामारीतच दिसेल असं नाही, अंगावर चढून बसणं, दिव्याखालची जागा अडवणं, खाण्यावर उभं राहणं, हे लोकांना प्रेम वाटतं. पेटीच्या मधोमध आडवी फळी बसवायची सोय आत्ताच ठेव. ती पारदर्शक नको. वेळ आली तर दिवा दोन्हीकडे लागेल.

अनिकेत


प्रेषक: प्रकाश
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

मी फक्त वायरिंगचं बोलतो, कासवांतलं मला कळत नाही. दिव्याचा होल्डर सिरॅमिकचाच. प्लास्टिकचा वितळतो, हे मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन पाहिलंय. क्लिपवर भरवसा ठेवू नका, क्लिप सुटली की तापलेला दिवा कोरड्या भुशात पडतो. साखळीने वरून टांगा, सरळ खाली तोंड करून. थर्मोस्टॅट बल्बसाठी डिमिंगचा, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारा, सिरॅमिक हीटरला साधा चालू-बंद होणारा चालेल. यूव्हीबी नळी थर्मोस्टॅटवर लावायची नाही, ती टायमरवर, बारा तास.

निनाद, शुक्रवारी सात वाजता येतो. माझ्याकडे टायमर शिल्लक आहे, विकत घेऊ नकोस.

प्रकाश


प्रेषक: नीलिमा
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

किती छान! मृणाल, रविवारी शाळेत आणशील का? बालवर्गात या महिन्यात प्राणीच चाललेत. मुलांनी हातात घेतलं की शब्द विसरत नाहीत.

नीलिमा


प्रेषक: रश्मी
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

नीलिमाताई, आणू नये. नवीन घरात आल्यावर पिल्लांना निदान काही आठवडे कोणी हाताळू नये. शिवाय कासवं वरून ठणठणीत दिसली तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना तो जास्त बाधतो आणि बालवर्गात सगळी त्याच वयाची. मृणाल, तुझ्याकडेही हेच. अंघोळीचं भांडं वेगळं ठेव, ते पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नकोस, नंतर साबणाने हात.

रश्मी


प्रेषक: नीलिमा
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

रश्मी, बालवर्गात काय आणायचं ते शाळा समिती ठरवते. पण साल्मोनेलाचं कारण पटलं. मग मृणालने पेटी बांधतानाचा व्हिडिओ काढून द्यावा. माती, वाळू, पान, दिवा, ऊन, सावली, सगळे शब्द त्यात येतात.

नीलिमा


प्रेषक: सुधीर
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

व्हिडिओच हवा तर वेळासचा दाखवा. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या भाऊ काटदरेंनी आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवं वाचवली. पूर्वी अंडी खायला जायची, आता माणसं लांबून पिल्लं बघायला येतात आणि गावकऱ्यांच्या घरी राहतात. आम्ही दोघं गेलो होतो. टोपली उचलली की पिल्लं ओळीने समुद्राकडे निघतात. मी त्या लाटांपुढे हात जोडले.

रश्मी, ही समुद्रातली, हे मला माहीत आहे.

सुधीरकाका


प्रेषक: अनिकेत
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

सुधीरकाकांच्या मेलवरून आठवलं. यंदा भारतात जाणाऱ्यांपैकी कोणाला तिकडे घरात ठेवायला स्टार कासव घे असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ते गुन्ह्यात येतं, आणि 2019 पासून ते साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. भाग्याचं म्हणून विकतात. पोत्यात भरून नेलेली असतात, बरीच वाटेत मरतात.

अनिकेत


प्रेषक: विद्या
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

सगळं वाचलं. सचिवांशी बोलणं झालं. रंगवलेल्या फळ्या मिळणार नाहीत, आणि अनिकेत म्हणतो तशा त्या पिल्लांना घातकही आहेत.

पण हॉलमधल्या वाचनालयाचं ठेंगणं कपाट काढायचं ठरलेलंच आहे. उंची साडेतीन फूट, रुंदी अडीच फूट, खोली साधारण एक फूट. आतले कप्पे काढून ते पाठीवर आडवं टाकलं तर पेटीच होते, भिंतीही पुरेशा उंच. आत रंग नाही, पांढरा लॅमिनेट आहे. फक्त मागचा पुठ्ठा पातळ आहे, ओल्या मातीने बसेल. कोरी, न रंगवलेली एक फळी माझ्याकडे आहे, ती खालून टेकूला घ्या. वहीत मृणालच्या नावावर लिहिते.

अट एकच. कपाटातली पुस्तकं गुरुवारी तूच रिकामी करायचीस.

विद्या


प्रेषक: मृणाल
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

विद्याताई, मनापासून आभार! गुरुवारी सहाला हॉलवर येते. कपाटाच्या सांध्यांना मत्स्यालयाचं सिलिकॉन लावू आणि आतून तळ्याचं प्लास्टिक अंथरू, म्हणजे ओल लॅमिनेटच्या कडांत शिरणार नाही. सिलिकॉन सुकायला वेळ लागतो म्हणून पिल्लं एक आठवडा उशिरा आणायचं ठरवलंय. विकणारे कबूल झाले. मधल्या आठवड्यात पेटी रिकामीच चालवून तापमानं बघू. सर्टिफिकेटचा फोटोही त्यांनी पाठवलाय. दोन पिल्लांचं अजून ठरत नाहीये, धाकटी एकावर तयार नाही. आडव्या फळीसाठी निनाद खाचा करून ठेवतोय.

रश्मी, शेवाळ कुठलं? बागेतलं चालेल का?

मृणाल


प्रेषक: रश्मी
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

बागेतलं नको, किडे येतात. स्फॅग्नम शेवाळ विकत मिळतं, तेच घे. कासवं ते खाताना दिसली तर काढून टाक आणि तिथे नुसती ओली माती ठेव.


प्रेषक: सुधीर
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

त्या कपाटात खालच्या कप्प्यात जुने दिवाळी अंक आहेत, त्यांतले बरेच मी दिलेले. ते रद्दीत टाकू नका. गुरुवारी मी खोकी घेऊन येतो.


प्रेषक: विद्या
विषय: उत्तर: मखराच्या फळ्या

काका, अंक वाचनालयाला दिलेले आहेत, घरी कोणी नेणार नाही. खोकी मात्र आणा, मोठी चार लागतील.